आठ मिनिटं पाणी का मारलं नाही? डोंबिवलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डोंबिवलीकर, नमस्कार.

उत्तराला आठवडा लागला. पहिल्या दिवशी लिहिलं होतं, पण ते रागात लिहिलं होतं म्हणून खोडून टाकलं. तीस वर्षं फायर ब्रिगेडमध्ये काढलेल्या माणसाला ‘तुमची माणसं शोभेला उभी होती’ हे वाक्य पचायला थोडा वेळ लागतो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये एसीपासून आग लागली. १०१ ला फोन केल्यावर २२ मिनिटांनी बंब आला. आल्यावर आठ मिनिटं पाण्याचा थेंब पडला नाही, जवान मीटर रूम कुठे आहे ते विचारत फिरत होते, पाठीवर सिलिंडर चढवत होते. नंतर जिन्याच्या चांगल्या काचा फोडल्या, शेजारच्या कुलूपबंद फ्लॅटचं दारही तोडलं. आणि ‘आग लागली तर काय कराल’ हा माझा लेख सगळा दोष रहिवाशांच्या माथी मारतो, शिवाय त्यातला ओल्या रुमालाचा सल्ला चुकीचा आहे.

रुमालापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. ओल्या फडक्याने काजळी अडते, डोळ्या-घशाची आग थोडी कमी होते, पण कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बेशुद्ध होतो तो बहुतेक वेळा त्यानेच. माझ्या लेखात ‘तोंडाला ओला रुमाल लावून बाहेर पडा’ असं होतं. ते वाचून कोणी धुराने भरलेल्या जिन्यात शिरला तर रुमाल त्याला वाचवणार नाही. वाक्य बदललं आहे. ओला टॉवेल दाराच्या फटीत कोंबा, तिथे त्याचा खरा उपयोग.

२२ मिनिटांवर माझ्याकडे बचाव नाही. शहर वाढलं त्या मानाने केंद्रं वाढली नाहीत, संध्याकाळच्या गर्दीत सायरनला कोणी जागा देत नाही, तुम्ही हे रोज पाहता. पुढे जातो.

आता आठ मिनिटं. मी त्या कॉलवर नव्हतो, त्यामुळे तिथल्या कुणाला प्रमाणपत्र देत नाही. पण या आठ मिनिटांत काय चालतं ते मला माहीत आहे.

मीटर रूम आधी, कारण चालू लाइनवर पाण्याची सरळ धार मारली तर करंट धारेतून ब्रँचपर्यंत येऊ शकतो. ब्रँच म्हणजे होजच्या, म्हणजे आमच्या पाण्याच्या पाइपच्या टोकाचं तोंड, आणि ते धरलेला माणूस पाण्यात उभा असतो. तुमच्या इमारतीत सत्तर फ्लॅट. वॉचमनला मीटर रूमची किल्ली कुणाकडे आहे ते ठाऊक नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय. आठातली तीन मिनिटं तिथेच गेली असतील.

दुसरं ते पाठीवरचे सिलिंडर. त्याला आम्ही बीए सेट म्हणतो. ३०० बार दाबाने भरलेली ६.८ लिटरची बाटली म्हणजे साधारण दोन हजार लिटर साधी हवा. ऑक्सिजन नसतो त्यात, लोकांचा तसा समज असतो. कागदावर मिनिटाला चाळीस लिटर धरून ही हवा पन्नास मिनिटं पुरते. प्रत्यक्षात अंगावर सगळा सरंजाम घेऊन सात मजले चढलेला माणूस चाळीस लिटरवर थांबत नाही, आणि बाटली संपत आली की शिट्टी वाजते. शिट्टी वाजल्यावर निघायचं नसतं, ती वाजायच्या आत बाहेर यायचं असतं. म्हणून मास्क नीट बसला का, बाटलीत किती बार आहे, जोडीदार कोण, हे खाली उभं राहून बघतात. लांबून ते कपडे बदलत असल्यासारखं दिसतं.

तिसरी गोष्ट पाण्याचीच. सातवा मजला म्हणजे एकवीस-बावीस मीटर. तेवढं नुसतं वर चढवायलाच दोन बारपेक्षा जास्त दाब जातो. इमारतीचा रायझर, म्हणजे आगीसाठी पाणी वर नेणारा उभा पाइप, चालू असेल तर काम सोपं असतं: होज खांद्यावर टाकून सहाव्या मजल्यावर जायचं (आगीच्या मजल्यावर नाही, एक मजला खाली), तिथल्या रायझरच्या तोटीला, म्हणजे लँडिंग व्हॉल्वला जोडायचा, भरायचा आणि भरलेल्या होजने वर जायचं. तुमच्याकडे व्हॉल्व फिरवला आणि फुस्स आवाज आला. मग बंबापासून जिन्यातून होज टाकत न्यावा लागला. ६३ मिलिमीटरचा पंधरा मीटरचा एक होज पाण्याने भरला की त्यात सत्तेचाळीस किलो नुसतं पाणी असतं. जिन्याच्या वळणावळणातून तसे सहा-सात होज एकाला एक जोडायचे आणि कुठल्याही पायरीवर पीळ पडू द्यायचा नाही. हे करून पाहिलेल्या माणसाला आठ मिनिटं जास्त वाटत नाहीत.

आणि ‘बंब रिकामाच आला होता’ असं तुमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं आहे. हे मी प्रत्येक आगीनंतर ऐकलं. साडेचार हजार लिटरचा बंब मिनिटाला साडेचारशे लिटरची एक धार दहा मिनिटं चालवतो. दहा मिनिटांनी तो रिकामाच असतो. तेवढ्यात टँकर यायला हवा किंवा तुमची टाकी भरलेली हवी.

आता एक अवघड भाग, रागावू नका. तुम्ही कौतुकाने लिहिलंय की बंब येण्याआधी सोसायटीच्या मुलांनी फ्लॅटचं दार तोडलं, एक एक्स्टिंग्विशर मारला, धूर सहन होईना म्हणून खाली पळून आले. मुलं धाडसी आहेत यात शंका नाही. पण सहा किलोचा पावडरचा एक्स्टिंग्विशर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो, आणि तो आगीच्या बुडाशी मारायचा असतो. दारात उभं राहून धुरात मारला तर सगळी पावडर हवेत जाते. खरं नुकसान मात्र उघड्या राहिलेल्या दाराने केलं. तोपर्यंत ती आग एका बेडरूममध्ये कोंडलेली होती आणि तिला हवा कमी पडत होती. दार तुटल्यावर तिला हवा मिळाली आणि धुराला जिना मिळाला. आठव्या-नवव्या मजल्यावरचे लोक त्या धुरातून वर गच्चीकडे धावले, आणि गच्चीला कुलूप. हे सगळं तुमच्याच प्रतिक्रियेत आहे, फक्त तुम्ही ते वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिलंय.

मुलांना हसायचा मला अधिकार नाही, कारण हीच चूक मी पगार घेऊन केली आहे. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रीची वेळ, बाजारातलं एक बंद दुकान. शटरच्या खालच्या फटीतून धूर यायचा, मग आत ओढला जायचा, परत यायचा, झोपलेला माणूस श्वास घेतो तसा. रंगाला फोड आले होते. हे सगळं मला दिसत होतं आणि त्याचा अर्थ कळत नव्हता. मागे होज अजून चपटाच पडलेला, ‘वॉटर ऑन’चा आवाज व्हायचा होता, आणि मी कुलूप तोडून शटर हातभर वर केलं. आमच्या लीडिंग फायरमनने मला कमरेच्या पट्ट्याला धरून मागे खेचलं म्हणून डावा कान तेवढा भाजला. मी उभा होतो तिथून ज्वाळा रस्त्याच्या मध्यापर्यंत आली होती. ते मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी परेडनंतर केंद्रातले सगळे होज त्यांनी माझ्याकडून धुवून घेतले.

तेव्हापासून होज भरल्याशिवाय दार उघडायचं नाही, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

जिन्याच्या काचा फोडल्या त्या याच हिशेबाने. जिना म्हणजे इमारतीचं धुराडं. वरच्या लँडिंगची काच फोडली की धूर बाहेर पडतो, आणि खाली उतरणाऱ्या माणसाला पायरी दिसते. धुराने काय होतं याचं उदाहरण मुंबईकरांना सांगायला नको. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलमधल्या आगीत चौदा जण गेले, आणि त्यातले बहुतेक स्वच्छतागृहात गुदमरून. शेजारचं दार तोडलं ते आत कुणी झोपलेलं आहे का हे बघायला. ‘फ्लॅट बंद आहे, ते गावाला गेलेत’ हे वाक्य शेजारी फार खात्रीने सांगतात. त्या खात्रीवर आम्ही दार सोडत नाही.

तुमचं एक वाक्य मात्र मला टोचलं: ‘जिवाच्या भीतीने वर जात नव्हते.’ इथे १४ एप्रिल १९४४ चा मुंबईच्या गोदीतला स्फोट आणि त्यात गेलेले ६६ अग्निशामक आठवून देणं सोपं आहे. ते करणार नाही. तुम्ही तुमच्या जिन्याबद्दल विचारताय आणि मी हुतात्म्यांच्या आड लपायचं, हे बरं नव्हे. पण खाली उभं राहून इमारतीकडे बघण्याबद्दल एक सांगतो. काळबादेवीला ९ मे २०१५ ला जुन्या इमारतीला आग लागली, ती कोसळली आणि त्या आगीने मुंबईचे चार अधिकारी नेले. त्यात तेव्हाचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. वीस-पंचवीस वर्षं अनुभव असलेली माणसं. त्यानंतर कुठलाही अधिकारी आत माणसं पाठवण्यापूर्वी भिंतींकडे दोनदा बघत असेल, तर त्याला भीती म्हणा, माझी हरकत नाही. मलाही वाटायची.

आता तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा: ‘हायड्रंट (म्हणजे तोच रायझर आणि व्हॉल्व) कोरडा होता हे खरं, पण एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, तुमच्याच खात्याने दिली होती ना?’

दिली होती. आणि ज्या दिवशी दिली त्या दिवशी बहुधा पाणी येतही असेल. पुढे काय होतं ते मी शेकडो सोसायट्यांत पाहिलंय. कुठला तरी व्हॉल्व थेंब थेंब गळतो. रायझरमधला दाब उतरतो, म्हणून छोटा जॉकी पंप रात्री-अपरात्री आपोआप चालू होतो. तळमजल्यावरचे आजोबा आवाजाची तक्रार करतात. सेक्रेटरी वॉचमनला सांगतात, आणि वॉचमन पॅनेलचा खटका ऑटोवरून काढून बंद करतो. गळणारा व्हॉल्व बदलायला लागली असती एक दुपार. मग मे महिन्यात टँकर महाग होतात आणि फायरच्या टाकीतलं पाणी घरांना सोडलं जातं. पितळी ब्रँच आणि कपलिंग भंगारवाल्याकडे पोहोचतात, लाल पेटीत झाडू राहतो.

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ प्रमाणे ही यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीची. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, नमुना ‘ब’, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, भरून द्यायचा. इथपर्यंत दोष तुमचा. पण तो नमुना जागेवर न येता, चहा पिऊन सही करून देणाऱ्या एजन्सी आहेत, आणि तो कागद फाइलला लावून मोकळं होणारे आम्हीही आहोत. हाताखालच्या हजारो इमारतींना दोन-चार अधिकारी, हे कारण खरं आहे, तरी ते तुमच्या जिन्यातल्या कोरड्या व्हॉल्वला लागू पडत नाही. या बाबतीत लेख एकतर्फी होता. हे त्यात यायला हवं होतं.

म्हणून कुठल्याही कागदावर विश्वास न ठेवता एक करा. येत्या रविवारी सेक्रेटरी आणि वॉचमनला घेऊन सगळ्यात वरच्या मजल्यावर जा, व्हॉल्वला होज जोडा, टोक गच्चीवर न्या आणि व्हॉल्व हळूहळू उघडा. ब्रँच दोघांनी धरा, एकट्याने नको, धक्का बसतो. पंप आपोआप सुरू झाला आणि पाणी आलं तर ठीक. खाली जाऊन खटका दाबावा लागला तर यंत्रणा बंद आहे असंच समजा. गच्चीवर जायचंच आहे, तर कुलपाची किल्ली कुठे आहे तेही तेव्हाच कळेल. खालचा ब्रिगेड इनलेट बघून या, म्हणजे बंबाचं पाणी रायझरमध्ये घ्यायचं ते तोंड. पन्नास टक्के सोसायट्यांत त्याच्यासमोर कुणाची तरी गाडी असते असा माझा अंदाज. मोजलेलं नाही, पण पैज लावायला तयार आहे.

राहिलं काचांचं आणि दाराचं. शेजाऱ्यांना सांगा, त्या भागाच्या अग्निशमन कार्यालयात फायर रिपोर्टसाठी अर्ज करा. कॉलची तारीख, वेळ, इमारतीचा पूर्ण पत्ता आणि फ्लॅटचा नंबर लिहा. घराचा विमा असेल तर कंपनी तो रिपोर्ट मागतेच. दार तोडल्याची नोंद त्यात आली आहे का ते घेतानाच वाचून बघा, नंतर दुरुस्ती करून घेताना चपला झिजतात. हे मी टेबलाच्या पलीकडे बसून केलेलं आहे.