मोठं नाव, मोठं मैदान, मोठा पगार : एवढ्याने कोचची नोकरी चांगली ठरत नाही

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे विद्यापीठांच्या संघांमधल्या अमेरिकी फुटबॉलचा, हंगाम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि ऑक्टोबर लागला की हेड कोच घरी पाठवले जाऊ लागतात. २०२५मध्ये पेन स्टेट, फ्लोरिडा आणि लुझियाना स्टेट म्हणजे एलएसयू, या तीन मातब्बर विद्यापीठांनी एकाच महिन्यात आपापले कोच काढले. अशा जागा रिकाम्या झाल्या की एक दावा फिरायला लागतो. मुलं तिकडे शिकतात म्हणून शनिवारी सामने बघू लागलेल्या मराठी घरांतूनही तो पुढे पाठवला जातो. दावा साधारण असा: "कॉलेज फुटबॉलमध्ये खरी मोठी घराणी दहा-बाराच. त्यांच्याकडे इतिहास आहे, लाखभर माणसांचं मैदान आहे, पैसा अमाप आहे. तिथे कोणीही कोच जिंकतो. तिथून बोलावणं आलं की डोळे मिटून जायचं. बाकी सगळ्या नोकऱ्या म्हणजे तिथवर पोचायच्या पायऱ्या."

हा दावा मला जवळजवळ प्रत्येक शब्दाला चुकीचा वाटतो, आणि त्याची किंमत फक्त हेड कोच मोजत नाही. एक कोच गेला की त्याच्या हाताखालचे दहा-बारा सहायक घरंदारं विकून दुसऱ्या राज्यात जातात. त्याच्या शब्दावर आलेली अठरा-एकोणीस वर्षांची शंभर मुलं अधांतरी राहतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"इतिहास असलेली जागा म्हणजे चांगली जागा."

नेब्रास्का विद्यापीठाइतका इतिहास फार थोड्यांकडे आहे. टॉम ऑस्बोर्न १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं तिथे कोच होते आणि एकाही हंगामात त्यांनी नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी मिळवली. लिंकन शहरातल्या त्यांच्या मैदानाची तिकिटं १९६२पासून प्रत्येक सामन्याला संपतात. दाव्याच्या हिशोबाने ही स्वप्नातली नोकरी.

पण ऑस्बोर्न यांच्यानंतर काय झालं? फ्रँक सोलिच यांनी संघाला २००१च्या हंगामात राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेलं. २००३मध्ये नऊ सामने जिंकून, तीन हरून त्यांना काढलं. बो पेलिनी यांनी २००८ ते २०१४ या सात हंगामांत दर वर्षी नऊ किंवा दहा सामने जिंकले, त्यांनाही काढलं. मग माइक रायली आले आणि गेले. मग आले स्कॉट फ्रॉस्ट, १९९७च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार खेळाडू, घरचाच मुलगा, सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला २०१७मध्ये एकही सामना न हरू देणारा. नेब्रास्कात त्यांची कामगिरी १६ विजय आणि ३१ पराभव. सप्टेंबर २०२२मध्ये जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. तीन आठवडे थांबले असते तर द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती, तेवढीही कळ विद्यापीठाने काढली नाही.

फ्रॉस्ट वाईट कोच होते असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. नेब्रास्काचं वैभव ज्या परिस्थितीवर उभं होतं, ती परिस्थितीच उरलेली नाही. १९७३पर्यंत एका संघाने किती खेळाडूंना शिष्यवृत्ती द्यावी याला देशपातळीवर मर्यादा नव्हती; १९९४पर्यंत ती ८५वर आली. १९८४पर्यंत कोणता सामना टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ही कॉलेज खेळांची देशपातळीवरची संस्था ठरवायची, त्यामुळे टीव्हीवर दिसणाऱ्या मोजक्या संघांकडे मुलं ओढली जायची. त्या वर्षी सुप्रीम कोर्टाने ती मक्तेदारी मोडली आणि आज कोणीही कुठूनही दिसतो. २०११मध्ये नेब्रास्काने कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, बदलली, तेव्हा टेक्सासमध्ये दर वर्षी होणारे सामने गेले आणि तिथल्या मुलांशी असलेला संबंधही पातळ झाला. राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. शाळांमधून निघणारे अव्वल खेळाडू मोजकेच. म्हणजे साधनं गेली आणि अपेक्षा मात्र १९९७च्याच राहिल्या. अशा ठिकाणी इतिहास कोचच्या पाठीशी उभा राहत नाही, त्याच्या डोक्यावर बसतो.

"पगार बघा, यातच सगळं आलं."

पगार मोठा असतो, यात वाद नाही. अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत सरकारी पगारपत्रकावरचा सर्वांत महागडा माणूस कोणत्या ना कोणत्या सरकारी विद्यापीठाचा कोच असतो. पण पगारावरून नोकरीची प्रत ठरते का? टेक्सास ए अँड एमने २०१७च्या डिसेंबरमध्ये जिंबो फिशर यांना दहा वर्षांसाठी साडेसात कोटी डॉलर दिले, तेही पूर्ण हमीने. पुढे २०२१मध्ये करार वाढवला. २०२२मध्ये त्यांनी आणलेल्या नव्या खेळाडूंचा ताफा देशात पहिल्या क्रमांकाचा मानला गेला आणि त्याच हंगामात संघ पाच जिंकून सात हरला. नोव्हेंबर २०२३मध्ये, मिसिसिपी स्टेटला ५१-१० असं हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना काढलं. न शिकवण्यासाठी मिळालेली रक्कम साडेसात कोटींच्या वर. फिशर गरीब झाले नाहीत, हे उघड आहे. पण ज्याला कोच म्हणून काम करायचं आहे, त्याच्यासाठी हे यश कसं म्हणायचं?

दुसरं म्हणजे, पगार आता मोठ्या घराण्यांची मक्तेदारी राहिलेला नाही. बिग टेन कॉन्फरन्सने २०२२मध्ये सात वर्षांसाठी सातशे कोटी डॉलरहून मोठा टीव्ही करार केला. त्यात तळाच्या संघालाही वाटा मिळतो. म्हणून इंडियानासारखं, फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं मार खाल्लेलं विद्यापीठ कोचला वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा जास्त देऊ शकतं. जी गोष्ट दोन्हीकडे मिळते, तिच्यावरून दोन नोकऱ्यांत निवड कशी करणार?

"तिथे कोणीही जिंकतो."

हे वाक्य बहुतेक वेळा अलाबामा विद्यापीठाकडे बोट दाखवून म्हटलं जातं. निक सेबन यांनी तिथे २००९ ते २०२० या काळात सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यामुळे मैदानच जिंकतं असं वाटू लागतं. पण त्यांच्या आधीचे तिथले दिग्गज कोच बेअर ब्रायंट १९८२च्या हंगामानंतर निवृत्त झाले आणि सेबन २००७मध्ये आले. मधल्या चोवीस हंगामांसाठी सात जणांची नेमणूक झाली. त्यांपैकी माइक प्राइस यांना एकही सामना न खेळवता जावं लागलं. विजेतेपद एकच, १९९२चं, जीन स्टॉलिंग्ज यांचं. मैदान तेच होतं, लाल जर्सी तीच होती, देणगीदारही तेच होते.

यातली बिल करी यांची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. १९८९मध्ये त्यांनी दहा सामने जिंकले, एसईसी कॉन्फरन्सचं संयुक्त विजेतेपद मिळवलं, आणि तरीही ते स्वतःहून अलाबामा सोडून केंटकीला गेले. आदल्या वर्षी एका पराभवानंतर त्यांच्या ऑफिसच्या खिडकीतून वीट आत आली होती. त्याच राज्यातला कट्टर प्रतिस्पर्धी ऑबर्न, त्याला तीन वर्षांत एकदाही हरवता आलं नाही, एवढ्यावर लोकांनी त्यांना माणसांत धरलं नाही. केंटकीत त्यांना यश आलं नाही, हे खरं. पण आत बसलेल्या माणसाने अलाबामाची खुर्ची तोलून पाहिली आणि ठेवून दिली, हेही तितकंच खरं.

सेबन यांचाही पहिला हंगाम सात विजय, सहा पराभवांचा होता, त्यात लुझियाना-मन्रोसारख्या छोट्या संघाकडूनचा पराभवही. त्यांनी जे उभं केलं, ते संपूर्ण अधिकार हातात घेऊन उभं केलं. ते अधिकार आधीच्या माणसांना मिळाले नव्हते. इथून पुढचा मुद्दा सुरू होतो, आणि माझ्या मते तोच या सगळ्याचा गाभा आहे.

"श्रीमंत देणगीदार आणि वेडे चाहते पाठीशी असले की काय कमी?"

ज्यांना तिकडे बूस्टर म्हणतात ते देणगीदार जत्रेतल्या मानकऱ्यांसारखे असतात: पालखीला खांदाही त्यांचाच आणि वाटेवरचा रुसवाही त्यांचाच. कोचचा साहेब कागदावर ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा प्रमुख, असतो. प्रत्यक्षात विद्यापीठाचे अध्यक्ष, विश्वस्त, देणगीदार आणि कधी कधी थेट राज्याचे गव्हर्नर असे चार-पाच साहेब असतात, आणि त्यांचं आपापसांत पटतंच असं नाही.

ऑबर्नमध्ये नोव्हेंबर २००३मध्ये काय घडलं ते पाहा. टॉमी ट्युबरव्हिल कोच होते, हंगाम चालू होता. विद्यापीठाचे अध्यक्ष, ॲथलेटिक डायरेक्टर आणि दोन विश्वस्त खासगी विमानाने गुपचूप गेले आणि लुईव्हिलचे तेव्हाचे कोच बॉबी पेट्रिनो यांना त्याच नोकरीसाठी भेटून आले. बातमी फुटली, अध्यक्षांना पद सोडावं लागलं, ट्युबरव्हिल राहिले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा संघ १३-० असा अजिंक्य राहिला. ज्याला काढायला विमान निघालं होतं, तो माणूस असा निघाला. टेनेसीने २०१७मध्ये ग्रेग स्कियानो यांच्याशी बोलणी पक्की केली आणि चाहते व राजकारणी खवळल्यावर त्याच दिवशी मोडली. काही दिवसांत ॲथलेटिक डायरेक्टरचीही खुर्ची गेली.

आणि एलएसयू. ही जागा खरोखर चांगली आहे, हे मी मान्य करतो. लुझियानात खेळाडू भरपूर आणि त्या दर्जाचं दुसरं सरकारी विद्यापीठ राज्यात नाही. सेबन, लेस माइल्स आणि एड ओर्जेरॉन अशा लागोपाठ तीन कोचनी इथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तरीही २०१९मध्ये १५-० असा हंगाम करणाऱ्या ओर्जेरॉन यांच्या जाण्याचा निर्णय दोन वर्षांच्या आत झाला. नंतर नोत्र दाम विद्यापीठ सोडून आलेल्या ब्रायन केली यांना ऑक्टोबर २०२५मध्ये काढलं, तेव्हा त्यांना द्यायची भरपाई सुमारे ५.४ कोटी डॉलर होती. गव्हर्नर जेफ लँड्री यांनी जाहीरपणे सांगितलं की पुढचा कोच ॲथलेटिक डायरेक्टर स्कॉट वुडवर्ड निवडणार नाहीत. काही दिवसांतच वुडवर्डही गेले. टेक्सास ए अँड एममध्ये फिशर यांना आणणारेही हेच वुडवर्ड होते. त्या आठवड्यात एलएसयूच्या गावी, बॅटन रूजमध्ये, नवा माणूस करारावर सही करायला आला असता, तर शब्द कोणाचा धरायचा, हे त्याला कोणी सांगितलं असतं?

याच्या उलट आयोवा. १९७९पासून आजवर तिथे दोनच हेड कोच झाले: हेडन फ्राय आणि १९९९पासून कर्क फेरेंट्झ. फेरेंट्झ यांचा पहिला हंगाम एक विजय आणि दहा पराभवांचा, दुसरा तीन आणि नऊचा. मोठ्या घराण्यात एवढ्यावर सामान आवरायला लागलं असतं. आयोवात वरची माणसं थांबली. चौथ्या हंगामात संघ अकरा सामने जिंकला आणि कॉन्फरन्समध्ये एकही हरला नाही. मला विचाराल तर हे थांबणं कोणत्याही संगमरवरी लॉकर रूमपेक्षा मोठी सोय आहे. इमारती बांधून मिळतात. थांबणारी माणसं करारात लिहून घेता येत नाहीत.

"बाकीच्या नोकऱ्या म्हणजे पायऱ्या."

बिल स्नायडर १९८९मध्ये कॅन्सस स्टेटला आले तेव्हा त्या संघाने आधीच्या २७ सामन्यांत एकही जिंकला नव्हता. त्यांनी २००३ आणि २०१२मध्ये बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं आणि कारकीर्द तिथेच संपवली. ख्रिस पीटरसन बॉइसी स्टेटला आठ हंगाम राहिले, ९२ जिंकले आणि १२ हरले. मोठ्या विद्यापीठांची नजर वर्षानुवर्षं त्यांच्यावर होती, तरी ते स्वतःच्या वेळेला निघाले.

पण हा मुद्दा कर्ट सिग्नेटी यांनी कायमचा निकाली काढला. ते २००७ ते २०१० अलाबामात सेबन यांचे सहायक होते. तिथून ते हेड कोच व्हायला पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका विद्यापीठात गेले, जिथे त्यांचे वडील पूर्वी कोच होते. दाव्यानुसार हा उलटा प्रवास. पुढे इलॉन, मग जेम्स मॅडिसन, आणि नोव्हेंबर २०२३मध्ये इंडियाना. तोवर इंडियानाने एका हंगामात दहा सामने कधीच जिंकले नव्हते. सिग्नेटी यांनी जेम्स मॅडिसनमधले आपले खेळाडू ट्रान्सफर पोर्टल या विद्यापीठ बदलण्याच्या व्यवस्थेतून सोबत आणले, पहिल्याच वर्षी अकरा सामने जिंकून प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी, गाठलं. ऑक्टोबर २०२५मध्ये पेन स्टेटची जागा रिकामी झाली, त्याच आठवड्यात त्यांनी इंडियानाशी नवा आठ वर्षांचा करार केला. त्या हंगामात त्यांनी ओहायो स्टेटला हरवून बिग टेन जिंकली, प्लेऑफच्या रोझ बोल सामन्यात अलाबामाला ३८-३ असं लोळवलं, आणि जानेवारी २०२६मध्ये मायामीला २७-२१ हरवून १६-० अशा कामगिरीने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. ज्यांना पायरी म्हणून हिणवलं जातं, त्यांतल्याच एका ठिकाणी हे घडलं.

हे आज शक्य झालं याला कारणं आहेत. २०२१पासून खेळाडू संघ बदलला तरी वर्षभर बाहेर न बसता खेळू शकतो. त्याच वर्षी जुलैपासून त्याला स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. जुलै २०२५पासून विद्यापीठंही खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत थेट वाटू शकतात. पूर्वी मोठी घराणी चांगले खेळाडू राखीव बाकावर साठवून ठेवत. आता बाकावरचा मुलगा निघून जातो आणि जिथे खेळायला मिळेल तिथे खेळतो.

जवळपास खेळाडू असणं मात्र अजूनही मोलाचं आहे, एवढा दाव्यातला अंश टिकतो. म्हणून चांगल्या नोकऱ्यांच्या माझ्या यादीत जॉर्जिया विद्यापीठाची जागा पहिली: राज्य खेळाडूंनी भरलेलं, आणि २०१६पासून कर्बी स्मार्ट यांच्यामागे सगळे एका दिशेने उभे. त्यांना २०२१चं विजेतेपद मिळालं, ते १९८०नंतरचं त्या विद्यापीठाचं पहिलं. एलएसयूत आता लेन किफिन आहेत, अकरा सामने जिंकलेला ओल मिसचा, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा, संघ प्लेऑफच्या तोंडावर सोडून आलेले. त्यांच्यामागे ओल मिसने प्लेऑफमध्ये जॉर्जियाला हरवलं आणि उपांत्य फेरी गाठली. किफिन यांच्याकडे लुझियानाचे खेळाडू असतील, पगारही असेल. पण आयोवा आणि इंडियाना या दोन्ही जागा मी एलएसयूच्या वर ठेवतो, आणि ऑबर्न व नेब्रास्काच्या तर बऱ्याच वर.