झोपलो नव्हतो, साहेब

नमस्कार साहेब,

आमच्या पगाराच्या सॉफ्टवेअरच्या कामाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि खाली ‘१४० जणांचे मेल बदलायला दोन दिवस, पगाराच्या स्लिपा भलत्याच माणसांना, ह्यांचं ऑफिस झोपलंय काय?’ चार जणांच्या स्लिपा दुसऱ्यांच्या मेलवर गेल्या, हे खरं आहे. मनापासून माफी मागतो.

पण ते ‘दोन दिवस’ मनाला लागलं.

शिरोलीच्या तुमच्या फौंड्रीतनं कामगारांच्या नवीन मेलची फाईल यायची होती बुधवारी. आली शनिवारी संध्याकाळी ६.४० ला, व्हॉट्सॲपवर. आमचा पोरगा शटर ओढत होता. ‘आजच्या आज चढवा, उद्या स्लिपा सोडायच्यात’ हा फोन तुमचाच. चढवली.

ही फाईल आमच्याकडून तुमच्याकडं भरायला गेली तेव्हा कायम कामगारांचे नंबर ००४७ असे होते. तुमच्या ऑफिसात ती एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली आणि पुढची शून्यं उडाली. राहिला ४७, आणि ४७ हा तुमच्या ठेकेदाराचा माणूस. सॉफ्टवेअर नंबर बघतं, नाव नाही. असे चार नंबर जुळले, बाकीचे जुळलेच नाहीत म्हणून वाचले. ‘नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा’ हे मी फाईलसोबत लिहिलं होतं, त्या मेसेजला निळ्या टिका आहेत.

रविवारी दुपारी तुमचा फोन आला तेव्हा ताटात रस्सा वाढलेला होता. कोल्हापुरात रविवारच्या ताटावरनं कोण उठतंय, हे तुम्हाला सांगायला नको. आधी जुनी यादी परत चढवली. मग १४० नंबर एकेक करून ताडून बघितले. बायको वाचायची, मी टिका मारायचो. रात्री साडेनऊला सगळं जागेवर. शनिवार संध्याकाळ ते रविवार रात्र, ह्याला दोन दिवस म्हणायचं तर म्हणा.

आधी पाच जणांवर टाकून बघायला पाहिजे होतं, ते घाईत राहिलं. ती चूक आमची, इथून पुढं तसं करू. अजूनही काही करता येतंय का बघतोय.

२०१९ च्या पुरात हायवे बंद होता, तेव्हा फोनवरून तुमचा पगार काढून दिला होता. तेव्हा कुणी रिव्ह्यू लिहिला नव्हता. असो.

त्या चौघांना मी स्वतः येऊन भेटतो, वेळ सांगा. स्टार एकच ठेवा हवं तर. ‘झोपलंय’ तेवढं काढलंत तर बरं होईल, नवीन गिऱ्हाईक पहिलं तेच वाचतं.

आपला,
मालक, राजारामपुरी