धाकटा कर्ता होतो तेव्हा

आमच्या दुकानाचे सर्व्हर दोन. मोठा सांगलीच्या गणपती पेठेत तळमजल्यावर, धाकटा विश्रामबागेत मालकांच्या माडीवर. मोठा लिहितो, धाकटा मागोमाग उतरवून घेतो. धाकट्याला कोणी ‘तू लिही’ म्हटलं की तो ‘रीड-ओन्ली’ म्हणून हात वर करतो. आमची बिलं सांभाळणारा डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेस, त्याच्या भाषेत हा स्टँडबाय. ‘रिकव्हरीत आहेस का?’ असं त्याला विचारता येतं आणि तो दरवेळी ‘टी’ म्हणतो. टी म्हणजे ट्रू, चहा नव्हे. धडधाकट गडी, पण कायम रिकव्हरीत. मिरजेच्या दवाखान्यातही इतका मुक्काम कोणी करत नाही.

2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा कुठे मालकांनी धाकट्याचा खर्च मंजूर केला. यंदा ऑगस्टात पातळी 40 फुटांच्या इशाऱ्यावरून 45 च्या धोक्याकडे सरकू लागली तशी मी बाह्या सरसावल्या. पेठेतली वीज गेली, यूपीएसनं अर्धा तास दम धरला आणि मोठा गप्प झाला. शेवटच्या बिलाचा नंबर धाकट्याकडे जुळवून पाहिला, देवाचं नाव घेतलं आणि धाकट्याला कर्ता करणारं ‘पीजी-प्रमोट’ चालवलं.

सेकंदभरात काम झालं. ‘रिकव्हरीत आहेस का?’ तर म्हणे ‘एफ’! टाइमलाइन, म्हणजे नोंदींची वाट, 1 ची 2 झाली. आता सनई तेवढी वाजायची राहिली होती.

वाजला फोन. मार्केट यार्डातल्या गोडाऊनवरून मुनीम अण्णा. “साहेब, बिल निघंना झालंय.”

निघणार कसं? तिथली सहाही मशीन अजून मोठ्याच्याच नावानं हाका मारत होती. मग फोनवरून नवा पत्ता सांगणं आलं.

“एकशेब्याण्णव, डॉट...”

“डॉट म्हंजे टिंब का पूर्णविराम?”

“टिंब.”

“वर द्यायचं का खाली?”

एका मशीनला वीस मिनिटं लागली. पाचवं झालं तेव्हा माझा आवाज बसला होता. सहावं काट्याजवळचं, ते राहिलं ते राहिलंच.

पाणी 43 वर थबकलं आणि उतरलं. पेठेत वीज आली. दुकानातल्या पोरानं मोठ्या मायेनं मोठ्याचं बटण दाबलं. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, मधल्या काळात कारभार बदललाय! तो उठला आणि नेहमीच्या थाटात लिहायला बसला. काट्याजवळच्या मशीनला तो सापडला. दोन तासांत चौदा बिलं. तेच नंबर इकडे धाकट्यानंही दिलेले. एका नंबरावर जतला गूळ गेला होता आणि त्याच नंबरावर तासगावला साखर. ह्याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. त्या रात्री तो प्रकार सर्व्हरपेक्षा मला जास्त झाला होता.

उपाय आहे, ‘पीजी-रिवाइंड’. दोघांची वाट जिथे फुटली तिथपर्यंत तो मोठ्याला मागे नेतो आणि धाकट्याच्या मागे उभा करतो. त्यासाठीची सेटिंग मी आधीच चालू ठेवली होती. आयुष्यातला तेवढा एकच शहाणपणा. पण फाटा फुटल्यावर मोठ्यानं लिहिलेलं सगळं त्यात पुसलं जातं. म्हणून चौदाही बिलं आधी हातानं उतरवली, नवे नंबर देऊन धाकट्याकडे चढवली आणि मग मोठ्याला मागे फिरवला.

खंडेनवमीला अण्णांनी पेठेतल्या मशीनला झेंडूचा हार घातला, नारळ ठेवला. मी म्हटलं, “अण्णा, मोठा आता हा नाही. तो माडीवरचा.”

अण्णांनी माझा दंड धरून मला दाराबाहेर नेलं. “हळू बोला की ओ. त्याच्या म्होरं कशाला?”