मेटॅलिका आणि चकलीचा डबा

मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा नवा अल्बम '७२ सीझन्स' काल रात्री बाराला आला. बारा वाजून वीस मिनिटांनी आमच्या ग्रुपवर एका महाभागाने टाकलं, "मास्टरपीस!!" अरे बाबा, सत्त्याहत्तर मिनिटांचा अल्बम आहे. वीस मिनिटांत तू काय ऐकलंस? तेव्हापासून डोकं फिरलंय. आज १४ एप्रिल २०२३ची सुट्टी, त्यामुळे सकाळपासून तीन वेळा पूर्ण ऐकून मगच हे लिहितोय.

मी २०११ला मेटॅलिकाच्या शोसाठी बंगळूरला गेलेला माणूस आहे, हे आधी लक्षात घ्या. ऐन दिवाळीत. भाऊबीजेच्या दिवशी गुडगावचा शो होता. बॅरिकेड तुटलं, राडा झाला, शो रद्द. आमचा ३० ऑक्टोबरला. पुण्याहून बसमध्ये बसलो ते "तिकडेही बोंबललं तर?" हे एकमेकांना विचारतच. आईला ऑफिसचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलेलं. तिने "साहेबांनाही दे" म्हणत चकल्यांचा मोठा डबा हातात ठेवला.

तर अल्बम. गाणी वाईट नाहीत, दुखणं तेच आहे. वाईट असती तर शिव्या घालून मोकळा झालो असतो, २००३ला 'सेंट अँगर' अल्बमला घातल्या तशा. त्यातला तो ड्रमचा पत्र्याचा डबाही आपण माफ केलाय. पण इथे जवळजवळ प्रत्येक गाणं चौथ्या मिनिटाला संपायला हवं आणि संपत नाही. पोट भरलंय म्हणून ताटावर हात आडवा धरलाय, तरी वाढपी हटत नाही! त्यांच्याच १९८६च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये आठ गाणी होती. पंचावन्न मिनिटांत खेळ खल्लास. यांना आता "हे काढा" म्हणणारं कोणी उरलेलं नाही. आणि गिटारिस्ट कर्कचं ते गिटारला 'वाँव-वाँव' करायला लावणारं वाह पेडल कोणीतरी लपवून ठेवा रे.

गायक जेम्सचा आवाज एकोणसाठाव्या वर्षी असा लागलाय, हे मान्य. पुढे.

बंगळूरला शोच्या मैदानात, पॅलेस ग्राउंड्सला, पाऊस पडून गेलेला, घोट्यापर्यंत चिखल. गेटवर डबा आत नेऊ देईनात. मग रांगेतच वाटला. काळ्या टी-शर्टांतली अनोळखी पोरं, पुढे कोण, मागे कोण, काही माहीत नाही. एक जण गुडगावहून तसाच थेट आलेला, त्याने पाच खाल्ल्या आणि विचारलं, "आंटी ने बनाया?" आत जेम्सने गिटारवर पहिला रिफ काढला तेव्हा माझ्या बोटांना अजून चकलीचं तेल होतं.

बहात्तर सीझन्स म्हणजे माणसाची पहिली अठरा वर्षं, असा त्यांचा हिशोब. त्यांच्याकडे वर्षाला ऋतू चार. आपल्याकडे सहा, म्हणजे बहात्तर ऋतूंचं बरोबर एक तप. बंगळूरलाही आता तप होत आलंच की. आईचा खांदा धरतो, सोऱ्या दाबवत नाही तिला. गेली काही वर्षं दिवाळीत विकतच्या चकल्या आणतो. वाईट नसतात.

असो. शेवटचं 'इनामोराटा' अकरा मिनिटांचं आहे, त्यांचं आजवरचं सगळ्यात लांब गाणं. लांबीवरून एवढा आरडाओरडा केल्यावर सांगायला लाज वाटते, पण ते एकटं वेगळं काढून आणखी चारदा ऐकलं. मध्ये सगळे गप्प होतात आणि रॉबचा बास गिटार एकटा चालत राहतो. तेवढ्यात बायको काहीतरी विचारायला आली, तिला हातानेच थांबवलं. (आता ती बोलत नाहीये.)

तरीही मास्टरपीस नाही. चार गाणी उडवा, मग बघू. आणि ग्रुपवरच्या महाभागा, २०११ला बसचं तिकीट काढून ऐनवेळी टांग मारणारा तूच होतास ना? तुझ्या सीटवर बसून चकल्यांचा डबा गेला बंगळूरला.