“पंखा लावा, दोन दिवसांत घर कोरडं”: ह्या मेसेजवर विसंबू नका

सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. घरात पाणी शिरलं किंवा पाइप फुटला तर घाबरू नका, पाणी काढा, लगेच सगळे पंखे फुल लावा, खिडक्या उघड्या ठेवा, दोन दिवसांत घर कोरडं, काळं दिसेल तिथे ब्लीच मारा, गणपतीच्या आत पुट्टी-रंग उरकून घ्या आणि मशीनने घर वाळवून देणाऱ्यांना रुपया देऊ नका, ती लूट आहे. मी नाशिकमध्येच घरदुरुस्तीची कामं करतो आणि हा सल्ला ऐकलेल्या घरांत नंतर काय दिसतं ते बघतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी ते “लगेच पंखे लावा”. पाणी सॉकेटपर्यंत चढलं असेल तर मेन स्विच बंद आणि वायरमनने बघितल्याशिवाय एकही बटण दाबायचं नाही. मेन स्विचकडे जायलाच पाण्यातून जावं लागत असेल तर जाऊ नका, महावितरणला फोन करून सप्लाय बंद करायला सांगा. मेसेजमध्ये ह्याबद्दल अवाक्षर नाही, मला सगळ्यात जास्त राग ह्याचाच आहे.

आता पंखा आणि खिडकी. एप्रिल-मेमध्ये हा सल्ला बरोबर आहे, आपल्याकडची हवा तेव्हा इतकी कोरडी असते की धुणं बघता बघता वाळतं. पण पंखा पाणी घराबाहेर काढत नाही, तो भिंतीवरचं पाणी हवेत सोडतो, आणि ऑगस्टच्या झडीत हवेत आधीच 80-90 टक्के आर्द्रता असते, मग ती हवा अजून पाणी घेणार कुठे? खिडकी उघडलीत तर बाहेरचा दमटपणा आत. अशा वेळी खोली बंद करून पंख्यासोबत डीह्युमिडिफायर लागतो, त्यात हवा थंड कॉइलवरून जाते, बाष्पाचं पाणी होऊन टाकीत पडतं, ती टाकी रिकामी करताना कळतं भिंतीत किती पाणी होतं ते. एका खोलीतला किरकोळ प्रकार असेल तर एसी ड्राय मोडवर लावूनही भागतं. आणि कृपा करून किचन वाळवायला गॅस पेटता ठेवू नका, 1 किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन हवेतच येतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावतात.

“दोन दिवसांत कोरडं” हे हात लावून ठरवलेलं असतं. फरशी वरून पुसली की कोरडीच लागते, पाणी फरशीखालच्या भरावात असतं आणि तिथून प्लास्टरमध्ये वर चढत राहतं. काँक्रीट वाळायला ढोबळमानाने इंचाला महिना धरतात. बुरशीला मात्र ओल्या जागेत धरायला 24 ते 48 तास पुरतात. किचन ट्रॉलीची खालची पट्टी काढून बघा, समोरून चकचकीत लॅमिनेट आणि मागे प्लायची कड फुगून पापुद्रे सुटलेले, भिंतीवर करडी लव आणि कुबट वास. घरच्या घरी तपासायचं तर फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक भिंतीला किंवा फरशीला चारही कडांनी टेपने चिकटवा, दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले किंवा खालचा भाग गडद झाला की समजा अजून ओल आहे.

ब्लीचचं काय, तर पाणी कुठलं होतं ते आधी बघा. वरच्या टाकीचा पाइप फुटणं वेगळं आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्यावर, गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागल्यावर, सराफ बाजारात नाहीतर पंचवटीत जे पाणी शिरतं ते वेगळं. पाण्याने खराब झालेल्या घरांसाठी अमेरिकेतलं एस 500 नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात पाण्याचे तीन वर्ग आहेत आणि नदीच्या पुराचं, गटाराचं पाणी तिसऱ्या म्हणजे सगळ्यात घाण वर्गात येतं. त्यात भिजलेली गादी, एमडीएफ, पीओपी वाचवायच्या मागे लागू नका. टाइल्सवर ब्लीच ठीक, पण प्लास्टरवर आणि प्लायवर ते वरचा डाग पांढरा करतं, आतली बुरशी राहते आणि पाणी मुरतं ते वेगळंच. अॅसिडमध्ये तर कधीच मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो.

गणपतीच्या आत रंग ही इच्छा मला समजते, घरी बाप्पा येणार आणि भिंतीला पोपडे कोणाला आवडतील. पण ओल्या भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते, क्षार बाहेर ढकलले जातात आणि दिवाळीपर्यंत तोच रंग फुगून गळतो. जुन्या वाड्यांत मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केलाय तिथे तर आणखी वाईट. आरास करा, भिंतीला कापड लावा, सण झाला की लगेच काढा, रंगाचं नंतर बघू.

राहिली लूट. काही जण लुटतात हे खरंय, नुसते पंखे लावून दिवसाचे पैसे घेतात. बादलीभर पाणी सांडलं तर कोणालाच बोलवू नका. पण फरशीखाली, फर्निचरमागे पाणी गेलं असेल तर बोलवा आणि पहिल्याच दिवशी भिंतीतली ओल मोजणारं मॉइश्चर मीटर मागा. ओल्या भिंतीची रीडिंग, तशाच बांधणीच्या कोरड्या भिंतीची रीडिंग, दोन्ही कागदावर, पुढे रोजची रोज. दोन्ही आकडे जवळ आले की मशीन उचलायचं, आधी नाही आणि नंतरही नाही. जो मीटर काढत नाही त्याला चहा पाजून परत पाठवा.

तो कागद विम्यालाही उपयोगी पडतो. 1 एप्रिल 2021 पासून मिळणाऱ्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर येतो, आणि पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसानही येतं. साफसफाईआधी फोटो, व्हिडिओ काढा, कंपनीला लगेच कळवा, आणि सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत ते फुगलेलं प्लाय भंगारवाल्याला देऊ नका, खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली ठेवा.