खुलासा: समुद्रात सोडलेलं सगळं विरून जात नाही

गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की वरळी-वांद्र्याच्या नळांतून सांडपाणी तीनेक किलोमीटर आत सोडतात, म्हणून भरती-ओहोटीत सगळं विरतं, तळाशी काही उरत नाही. शेवटचं वाक्य चुकीचं आहे आणि नेमकं तेच फिरतंय. माफ करा.

पाण्यात विरघळलेलं बरंच पातळ होतं, हे खरं. पण शिसं, तांबं, डीडीटी (एक कीटकनाशक) हे बारीक गाळाच्या कणांना चिकटतात आणि त्यांच्यासोबत तळाला बसतात. लॉस एंजेलिसजवळ पॅलोस व्हर्डीसच्या समुद्रात एका कारखान्याचं डीडीटी १९७१ पर्यंत गटारांतून जात होतं. पन्नास वर्षं उलटली, तरी ते तिथल्या गाळात आहे. मैल्याचीही खूण राहते: आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलपासून कोप्रोस्टॅनॉल बनवतात, ते गाळात मोजून मैला कुठवर पोचला हे कळतं.

ओहोटीला खाडीच्या चिखलात काठी खुपसली की खाली काळा थर आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो वास चिखलातला ऑक्सिजन संपल्याचा, स्वच्छ खाजणातही येतो. त्यावरून धातू ठरत नाहीत, गाळ प्रयोगशाळेतच तपासावा लागतो.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा द्या.