नाव एकच असतं हो, तुकडे तुम्ही केलेत!

डोकं फिरलंय आज. एका दवाखान्यातलं सॉफ्टवेअर कुठे अडतंय ते बघायला केसपेपरच्या खिडकीत बसलो होतो. एक आजी आल्या. जुना केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपलेला, पण नेमका नंबरच पुसलेला. नाव विचारलं, तर त्यांनी आपल्याकडे सांगतात तसंच सांगितलं: आधी आडनाव, मग स्वतःचं, मग नवऱ्याचं. खिडकीतल्या मुलीने तसंच्या तसं टाइप केलं. ‘रेकॉर्ड सापडले नाही.’ नुसतं आडनाव टाकलं, तर पानंच्या पानं पाटील! मागे रांग ओरडायला लागली. शेवटी तिने नवा केसपेपर काढून दिला.

जुनी नोंद मी नंतर शोधून काढली. तीत स्पष्ट लिहिलंय, पेनिसिलिन चालत नाही. नव्या पेपरवर ती जागा कोरी!

अरे सॉफ्टवेअरवाल्यांनो, नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने तुम्ही पाडलेत ना? मग जोडून शोधायचं काम पण तुमचंच! आधीच्या कुणीतरी प्रोग्रामरने तिन्ही रकाने कॉनकॅटने, म्हणजे मजकूर एकापुढे एक जोडणाऱ्या फंक्शनने, जोडून ठेवलेत. मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये, कॉनकॅटला एक जरी नल (काहीच न भरलेला रकाना) मिळाला तरी अख्खं उत्तर नल होतं. म्हणजे मधलं नाव भरलं नसेल तर तो पेशंट शोधात येतच नाही. त्याचाच भाऊ कॉनकॅट डब्ल्यूएस वापरलं असतं तर नल गाळून बाकीचं जोडलं गेलं असतं. आणि क्रमाचं काय? टाइप केलेल्या ओळीतला एकेक शब्द सुटा करून तिन्ही रकान्यांत बघा, मग आडनाव आधी येवो नाहीतर शेवटी.

म्हणे, सर्च स्लो होईल. शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह (म्हणजे ‘इथे काहीही चालेल’) लावून लाइकने शोधलं, तर साधा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, वापरली जात नाही, मान्य. मग पूर्ण नावाचा वेगळा रकाना ठेवून त्यावर फुलटेक्स्ट इंडेक्स, म्हणजे शब्दाशब्दाची सूची, लावा की!

आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. ते कुठल्या रकान्यात कोंबणार आहात?

सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन केला, तर उत्तर काय, ‘युजरला ट्रेनिंग द्या.’ कसलं ट्रेनिंग? सत्तरीच्या बाईने स्वतःचं नाव उलटं सांगायला शिकायचं? आजींच्या दोन्ही नोंदी मी आत्ता हाताने एक केल्यात. अशा दुहेरी नोंदी अजून किती पडल्यात, ते आज रात्री बसून काढतोय.